कानातली माशी

माझ्या उजव्या कानाच्या पाळीला एक बारीकसे भोक आहे. पाहणाऱ्याला ते भिकबाळीचे वाटते. माझ्या लग्नात सासरकडच्या एका वडीलधाऱ्यांनी चष्मा वर सरकवून ते निरखले आणि ‘जावईबापूंच्या घरी जुन्या चाली अजून पाळतात’ असा शेरा मारला. मीही मान खाली घालून तो मान पदरात पाडून घेतला. नव्या जावयाने खरे बोलायचे प्रसंग फार थोडे असतात.

खरी गोष्ट अशी, की ते भोक सोनाराने पाडलेले नाही. ते एका माशीने पाडले आहे. माशी म्हणजे गुळावर बसते ती नव्हे. कोंबड्याच्या मानेवरची दोन पिसे, थोडा रेशमी धागा आणि त्यांच्या आत दडलेला अणकुचीदार गळ, अशी ती हाताने बांधलेली माशी होती. ती माझ्या कानात शिरली १९६४ साली, दिवाळीच्या सुट्टीत, चिखलदऱ्याच्या शक्कर तलावाच्या काठी. आणि सोयरेधायरे, पंच नि वकील यांना दोन वर्षांत जे जमले नव्हते, ते तिने दोन मिनिटांत करून दाखवले.

पण आधी घरचे सांगायला हवे.

अमरावतीला परकोटाच्या आत, अंबागेटजवळ आमचा वाडा होता. वाडा म्हणायचा तो आपला रिवाज म्हणून. पुढच्या चार खोल्या आमच्या, मागच्या तीन नानाकाकांच्या, मध्ये अंगण आणि अंगणात विहीर. माझे वडील थोरले. ते कचेरीत हेडक्लार्क होते. नानाकाका धाकटे. ते फौजेत कारकून होते आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या छावणीत गेली. तिथून दर महिन्याला त्यांची मनीऑर्डर यायची. त्या पैशांत थोडी बाबांच्या पगाराची भर पडून चांदूर बाजारकडची आमची संत्र्याची बाग उभी राहिली होती. हिशोबाची वही बाबांकडे. लाल खारव्याची, दोऱ्याने बांधलेली ती वही देवघरातल्या फडताळात असायची आणि आम्हा मुलांना तिला हात लावायची मनाई होती.

१९६२ साली नानाकाका पेन्शन घेऊन घरी आले. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचे जेवण झाल्यावर, सुपारी कातरता कातरता त्यांनी सहज विचारले, “दादा, बागेचा तो विहिरीकडचा दीड एकर आपल्या नावावर दिसत नाही. वही जरा पाहू का?”

एवढेच. पण बाबांच्या हातातले पान हातातच राहिले. ते म्हणाले, “म्हणजे पंधरा वर्षं मी चोरी केली म्हणायची!” आणि उठून गेले. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले. पुढे चूलही वेगळी झाली. आजी एक दिवस इकडे जेवायची, एक दिवस तिकडे, आणि दोन्हीकडे अर्धपोटी उठायची.

बोलणे बंद झाले म्हणून निरोप काही बंद होत नाहीत. ते काम माझ्याकडे आले. बाबा ओट्यावर, काका चार हातांवर विहिरीपाशी. मध्ये मी उभा. बाबा म्हणायचे, “तुझ्या काकांना सांग, सायकल तुळशीवृंदावनाला टेकवू नका म्हणावं.” मी तोंड उघडायच्या आतच काका म्हणायचे, “तुझ्या बाबांना सांग, ऐकू आलं.” गावात टपालखाते होते, तारखाते होते, आणि आमच्या अंगणात मी होतो. मला या कामाचा पगार दोन्हीकडून मिळायचा, लिमलेटच्या गोळ्यांत. तेव्हा भांडण मिटावे अशी घाई निदान मला तरी नव्हती.

नानाकाकांनी वेलिंग्टनहून तीन चिजा आणल्या होत्या. कॉफी गाळायचे पितळी भांडे, एक लोकरी टोपी आणि कॅनव्हासच्या लांब पिशवीतली एक काठी. ती काठी तीन तुकड्यांची, तासलेल्या बांबूच्या सहा कामट्या एकीला एक चिकटवून केलेली, मधाच्या रंगाची. तिकडच्या एका म्हाताऱ्या साहेबाने जाताना ती त्यांना दिली होती. सुट्टीच्या दिवशी काका ती जोडायचे, फडक्याने पुसायचे आणि पुन्हा पिशवीत घालायचे. ते मला सांगत, की निलगिरीत ट्राउट नावाचा मासा असतो. तो मूळचा आपल्या देशातला नव्हे. साहेब लोकांनी आधी काश्मिरात १९००च्या सुमारास आणि मग काही वर्षांनी निलगिरीत त्याची पैदास केली. त्याला पाणी बर्फासारखे गार लागते आणि तो गांडुळाला भुलण्यापेक्षा पाण्यावर उतरणाऱ्या किड्यांवर झडप घालतो. म्हणून त्याच्यासाठी पिसांची माशी बांधायची.

आजी जपमाळ ओढता ओढता हे ऐकायची. एकदा तिने विचारले, “मासा धरायला माशी? मग माशी धरायला काय रे लावतात?”

आमची आजी माळकरी. गाडगेबाबांचे कीर्तन तिने प्रत्यक्ष ऐकलेले. देवापुढे बकरे कापणाऱ्यांना बाबा कसे फैलावर घेत, हे ती आम्हाला त्यांच्याच आवाजात करून दाखवायची. त्यामुळे आमच्या घरात मासा हा शब्दसुद्धा पंचांगातल्या मीन राशीपुरताच होता.

त्या वर्षी भाऊबीजेला अकोल्याचे मामा आले. मामा एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत मुनीम. अंगाने गोल, बोलण्याने मोकळे आणि मासे खाण्यात पटाईत. मोर्णा नदीच्या काठी गळ टाकून बसण्यात त्यांचे बालपण गेले होते, आणि ते संपले असे त्यांना अजून वाटत नव्हते. ओवाळून झाल्यावर आई त्यांच्यापुढे रडली. मामांनी चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, “ताई, रडू नको. या दोघाइले एका मोटारीत कोंबतो. बोलतील, नाई तं गुदमरतील.”

मोटार शेजारच्या वकीलसाहेबांची, जुनी ऑस्टिन. वकीलसाहेबांचा मोठेपणा असा, की दोघा भावांनी वेगवेगळे जाऊन त्यांचा सल्ला विचारला तेव्हा त्यांनी दोघांनाही तोच सल्ला दिला होता, ‘घरी जा.’ पाचवे गडी म्हणून ड्रॉइंगमास्तर आले. त्यांना दऱ्याखोऱ्यांची चित्रे काढायची होती. मामांनी बाबांना सांगितले की नाना येणार नाहीत, आणि काकांना सांगितले की दादा येणार नाहीत. आजीला मात्र खरे सांगावे लागले. ती म्हणाली, “जा. पण जीव घ्यायचा नाही. धराल तो मासा पाहायचा आणि सोडून द्यायचा. पोरा, तू माझ्या गळ्याची शपथ घे.” मी शपथ घेतली. मामांनी अकोल्याहून खास माशांसाठी वाटून आणलेल्या मसाल्याची पुडी तेवढ्यात हळूच पिशवीच्या तळाशी सारली.

पहाटे मोटारीपाशी दोघे भाऊ समोरासमोर आले. दोघांनीही मामांकडे पाहिले. मामा टायरमधली हवा पाहू लागले. चार लोकांसमोर परत फिरणे दोघांच्याही स्वभावात नव्हते. मागच्या बाकावर एका खिडकीशी बाबा, दुसरीशी काका, मध्ये मी आणि निम्मे माझ्या मांडीवर ड्रॉइंगमास्तर. दोन देशांच्या सरहद्दीवरच्या खांबाची काय अवस्था होत असेल, ते मला त्या दिवशी कळले.

अमरावतीहून चिखलदरा पन्नासएक मैल. वलगावला पेढी नदीच्या पुलावर वकीलसाहेबांनी गाडीचा वेग कमी केला. याच पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी मोटारीने अमरावतीकडे येताना गाडगेबाबांनी देह ठेवला होता. सगळ्यांनी हात जोडले. बाबांनी डोळे मिटले, काकांनी टोपी काढली. मी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. हात जोडायची पद्धत दोघांची अगदी एक होती. अंगठे आत दुमडलेले. आजी तसेच हात जोडते.

आसेगावला पूर्णा ओलांडली. सातपुड्याची निळी रेघ जवळ येऊ लागली. परतवाड्याला सागवानाच्या वखारींचा वास घेत चहा झाला. मामा म्हणाले, “मी तं म्हणत होतो, मूर्तिजापुराहून शकुंतलेनं अचलपूरले येऊ. मजा आली असती.” वकीलसाहेब म्हणाले, “आली असती. पण होळीपर्यंत पोचलो असतो.” मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी तेव्हा वाफेच्या इंजिनावर चाले. ७६ किलोमीटर जायला ती इतका वेळ घेई, की माणसे उतरून बोरे वेचून पुन्हा चढतात अशी तिची ख्याती होती. १९९४ साली तिला डिझेलचे इंजिन लागले, आणि आता तर ती बंदच पडली आहे. वेळ वाचवायची आपल्याला फार हौस. पण वाचवलेला वेळ कोणत्या फडताळात ठेवला आहे, हे मला अजून सापडलेले नाही.

धामणगाव गढी मागे पडली आणि घाट सुरू झाला. वळणावर गाडी डावीकडे कलली की मी बाबांवर, उजवीकडे कलली की काकांवर. गारवा अंगाला लागू लागला. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, म्हणून हा कीचकदरा, असे आपल्याकडे सांगतात. भीमाने हात धुतले ते भीमकुंडही दाखवतात. इंग्रजांना ही जागा १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनमुळे सापडली असे पुस्तकात असते. सापडली म्हणजे त्यांना सापडली. कोरकू लोक तिथेच होते. पुढे साहेबांनी कॉफीही लावली. गावात शिरताच काकांनी नाक वर करून वास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत न दिसलेले काहीतरी दिसले. बाबांनी ते पाहिले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

विश्रामगृहात सामान टाकून आम्ही शक्कर तलावावर गेलो. दुपारचे ऊन उतरणीला लागले होते. पाणी असे स्वच्छ, की काठची झाडे उलटी उभी आहेत असे वाटावे. ड्रॉइंगमास्तरांनी रंग काढले. मामांनी ओल्या मातीतून गांडुळे काढली, बांबूच्या काठीला दोरी बांधली आणि ‘जय बजरंग’ म्हणून गळ टाकला. वकीलसाहेब नि बाबा रोडग्यांच्या तयारीला लागले. वऱ्हाडी माणसाची सहल गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या रोडग्यांशिवाय पुरी होत नाही. सोबत वांग्याची भाजी, वरण आणि रोडग्यावर तुपाची धार.

नानाकाका मात्र सगळ्यांपासून शंभरएक पावलांवर, मोकळ्या काठाला गेले. काठी जोडली. चक्रीतून रेशमी दोरी ओढून तिला मेण चोळले. तंबाखूच्या जुन्या डबीतून एक तपकिरी माशी निवडली. मी जवळ बसून पाहत होतो.

“काका, इथे ट्राउट आहेत?”

“नाहीत. कोणी सोडलेच नाहीत. आणि सोडले तरी जगायचे नाहीत. ऊटी इथून दुप्पट उंच. उन्हाळ्यात इथलं पाणी त्यांना सोसायचं नाही.”

“मग ही माशी कशाला?”

त्यांनी उत्तर दिले नाही. ते उभे राहिले आणि काठी उचलली.

साध्या गळाला शिसे बांधलेले असते. त्या वजनाने दोरी पुढे जाते. इथे उलटे. माशीला वजन म्हणून काहीच नसते. जड असते ती दोरी, आणि तिलाच फेकावे लागते. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे हवेत पुरती सरळ होऊ द्यायची, अगदी एक श्वासभर थांबायचे, आणि मग पुढे आणायची. घाई केली तर दोरी चाबकासारखी कडाडते आणि माशी तुटून जाते. उशीर केला तर ती मागच्या गवतात पडते. काकांच्या डोक्यावर ती दोरी मागे-पुढे अशी वळणे घेत होती, की जणू कुणी हवेत मोडी लिहीत आहे. शेवटी ती पुढे गेली आणि माशी पाण्यावर उतरली. तरंगसुद्धा उठला नाही. तालमीतल्या वस्तादासारखा ताठ उभा राहणारा आमचा काका, काठी हातात आल्यावर केवढा मऊ झाला होता! मला वाटते, त्यांना मासा नकोच होता. जिथे आपल्याला काही नीट येत होते, त्या दिवसांची त्यांना आठवण हवी होती.

“मागे कोणी येऊ नका,” एवढे त्यांनी बजावले. “दोरी मागे जाते, ते लक्षात ठेव.”

तास गेला, दीड तास गेला. मामांना दोन बोटभर मासे मिळाले आणि आजीची शपथ आठवून मी ते पाण्यात सोडायला लावले. मामांनी मसाल्याच्या पिशवीकडे पाहून सुस्कारा सोडला. काकांच्या माशीला काहीच लागले नव्हते. रोडगे आरावर फुटू लागले. बाबांनी ते उलटवले, राख झटकली आणि सवयीने मला हाक मारली.

“तुझ्या काकांना सांग, रोडगे झाले. मासे यायचे नसतील तर माणसांनी तरी यावं म्हणावं.”

दोन वर्षांतला हा पहिला निरोप, ज्यात मला थोडी गंमत वाटली. ती गंमत गरम गरम पोचवावी म्हणून मी धावत सुटलो. आणि बाबांकडून काकांकडे जायची सर्वांत जवळची वाट, सरळ त्यांच्या पाठीमागून होती.

सुईईई असा आवाज झाला, आणि माझ्या कानाला विंचू चावला.

मी ओरडलो. काकांना ते कळेपर्यंत त्यांचा हात पुढे निघाला होता. तेवढ्यात तलावाच्या पलीकडे ऐकू जाईल अशी हाक आली, “नाना! हात थांबव! हलू नको!”

काकांचा हात होता तिथे थिजला. फौजेतल्या पंधरा वर्षांत त्यांनी इतका झटपट हुकूम पाळला नसेल. बाबा राखेने माखलेल्या हातांनी धावत आले. माझ्या उजव्या कानाच्या पाळीत ती तपकिरी माशी आरामात बसली होती. रक्ताचा एक थेंब मानेवर ओघळला होता.

“ओढू नको दादा,” काका म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. “त्याला आतून उलटा काटा असतो. मागे ओढला तर पाळी फाटेल. पुढे ढकलून टोक बाहेर काढायचं, काटा छाटायचा, आणि मग मागे घ्यायचा. पकड हवी.”

वकीलसाहेबांनी मोटारीतली पकड आणली, ती रोडग्यांच्या आरात धरली, मग तिच्यावर टिंक्चर आयोडीन ओतले. ड्रॉइंगमास्तर तेवढ्यात भोवळ येऊन खाली बसले. बाबांनी मला मांडीवर घेतले. माझे डोके छातीशी घट्ट धरले. काका गुडघ्यावर बसले, आणि त्यांचा हात थरथरू लागला.

“मला नाही जमायचं, दादा.”

“जमेल. तूच कर. मी धरलंय त्याला.”

मी रडत होतो, तरी मला ते शब्द नीट आठवतात, कारण त्यातला एकही शब्द मला पोचवावा लागला नाही.

कानात एक तापलेली सुई आरपार गेल्यासारखे झाले. खट् असा आवाज आला. आणि मग काकांच्या तळहातावर ती माशी होती, पिसे लाल झालेली. काकांनी ती पाण्यात फेकायला हात उचलला. बाबा म्हणाले, “राहू दे. त्याच्यासाठी ठेव. मोठा झाल्यावर हसेल.”

रोडगे तोवर एका बाजूने करपले होते. आम्ही सगळ्यांनी ते खाल्ले. कोणी काही बोलले नाही. फक्त तुपाची वाटी बाबांकडून काकांकडे आणि काकांकडून बाबांकडे, माझ्या डोक्यावरून, दोनदा गेली.

रात्री थंडी फार पडली. मला दोन घोंगड्यांत गुंडाळून खाटेवर निजवले होते. कान ठणकत होता म्हणून झोप नव्हती. व्हरांड्यात शेकोटी होती आणि दोघांचे आवाज येत होते. दुसऱ्यांचे बोलणे चोरून ऐकू नये हे मला माहीत होते. पण दोन वर्षे त्यांचे सगळे बोलणे माझ्याच कानांतून गेले होते. तेवढा हक्क मला असावा.

“तो दीड एकर,” बाबा म्हणाले, “मी १९५९ साली विकला. पोराला क्षय निघाला होता.”

बराच वेळ फक्त लाकडे तडतडली.

“टायफॉइड म्हणून कळवलं होतंस.”

“सगळ्यांनाच तसं सांगितलं. आईलाही. क्षय म्हटलं की लोक ओटा चढत नाहीत, नाना. शाळेतून नाव काढायला लावतात. नागपूरला नेला. रोज एक इंजेक्शन. मग दीड वर्ष गोळ्या. पगार पुरेना. पैसा तुझा, बाग तुझ्या मनीऑर्डरींवर उभी राहिलेली, आणि ती मी माझ्या मुलासाठी विकली. वहीत काय लिहू? पत्रात काय लिहू? छावणीत पत्रं फोडून वाचतात म्हणतात. मग लिहिलंच नाही. आणि तू वही मागितलीस, तेव्हा...”

“मला हिशोब नको होता, दादा,” काका म्हणाले. “मला वाटलं, मला परका धरलं. पंधरा वर्षं दूर राहिलो म्हणून घरातलं काहीच मला सांगण्यासारखं उरलं नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “तुझ्या मुलासाठी म्हणालास. तो माझा कोण लागतो?”

त्यावर बाबा काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. काही म्हणाले नसावेत. काका-काकूंना मूलबाळ नव्हते, एवढे मात्र सांगायला हवे.

मी घोंगडीत डोके खुपसले. ते रोजचे इंजेक्शन मला आठवत होते. दवाखान्याबाहेर बाबा दर वेळी एक संत्रे सोलून द्यायचे तेही आठवत होते. क्षय हा शब्द मला त्या रात्री प्रथम कळला. आणि अंगणात मी ज्या भांडणाचे निरोप पोचवत होतो, ते भांडण मुळात माझ्यावरून होते, हेही. त्या लिमलेटच्या गोळ्या मला आजतागायत गोड लागलेल्या नाहीत.

क्षयाच्या रोग्याला घरी ठेवूनही औषधांनी तितकाच बरा करता येतो, हे मद्रासच्या संशोधनाने त्याच १९५९ साली जगाला दाखवून दिले होते. पण ती बातमी आमच्या अंबागेटपर्यंत यायला वेळ लागला. शास्त्र आगगाडीने येते. लाज मात्र आधीच घरात बसलेली असते.

पहाटे काकांनी मला उठवले. बाबाही आले होते, मफलर गुंडाळून. तलावावर धुके होते. काकांनी काठी बाबांच्या हातात दिली, आपण मागे उभे राहून त्यांचे मनगट धरले आणि म्हणाले, “घाई करू नकोस. दोरी मागे सरळ होऊ दे. आता थांब... आता सोड.” या वेळी मी चांगला पंधरा हात बाजूला बसलो होतो.

पहिल्या चार-पाच खेपांना दोरीचा गुंता झाला. मग एकदा ती बरी गेली. माशी पाण्यावर टेकली, आणि खालून एक रुपेरी चमक वर आली. बाबा “अरे! अरे!” असे कचेरीतल्या कोणत्याही कारकुनाने ऐकले नसेल अशा आवाजात ओरडले. मासा निघाला तो वीतभरसुद्धा नव्हता. त्याची जात कोणती यावर मामा आणि काका यांचे एकमत झाले नाही. पण सकाळच्या उजेडात तो असा लखलखत होता, की ड्रॉइंगमास्तरांनी रंगपेटी उघडून पुन्हा मिटली.

काकांनी ओल्या हाताने गळ सोडवला. मी म्हणालो, “आजीची शपथ.” बाबांनी मासा दोन्ही तळहातांत पाण्याखाली धरला. तो क्षणभर तिथेच कल्ले हलवत राहिला, आणि मग गेला.

“गेला राजेहो मसाला वाया,” मामा म्हणाले. पण डोळे त्यांनीही पुसले. म्हणाले, धुके फार आहे.

येताना परतवाड्याला मला धनुर्वाताचे इंजेक्शन टोचले. मोटारीत मी खिडकीशी बसलो, आणि ते दोघे शेजारी शेजारी. घरी पोचल्यावर आजीने माझा कान पाहिला आणि म्हणाली, “मासे सोडून द्या म्हटलं, तर नातवालाच धरलंत होय रे?” मग तिची नजर मागून एकाच पिशवीचे दोन बंद धरून येणाऱ्या दोघा मुलांकडे गेली. ती काही बोलली नाही. त्या रात्री तिने पोटभर जेवण केले.

वाचकहो, यानंतर सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. पुढे वाटणी झालीच. भावाभावांत ती व्हायची. पण ती अंगणात बसून, चहा पिता पिता झाली, आणि वकीलसाहेबांना फक्त सही करायला बोलावले. विहीर सामाईक राहिली. निरोप्याची माझी नोकरी मात्र कायमची गेली.

आता त्या गोष्टीला साठाहून अधिक वर्षे झाली. मेळघाटात १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. तिथल्या राखीव रानातून वाहणाऱ्या सिपना नदीत आता कोणी गळ टाकू शकत नाही, आणि ते बरेच झाले. आजी म्हणाली असती, सरकारनेही शपथ घेतली. मामा, मास्तर, वकीलसाहेब, सगळे गेले. बाबा गेले, मग काका. जाण्यापूर्वी काकांनी ती बांबूची काठी माझ्याकडे दिली. मला ती टाकता येत नाही. सुट्टीच्या दिवशी मी ती फडक्याने पुसतो.

बाबांच्या मागे फडताळ आवरताना ती लाल वही हाती आली. लहानपणची मनाई आठवून जरा वेळ तशीच धरून बसलो. मग १९५९ चे पान उघडले. बाबांच्या घोटीव अक्षरांतल्या नोंदी. खत, मजुरी, पाणीपट्टी. आणि त्यांच्यामध्ये, मुळात कोऱ्या सोडलेल्या एका ओळीवर, वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने, नानाकाकांच्या तिरप्या फौजी अक्षरांत लिहिले होते:

‘विहिरीकडील दीड एकर. आपल्या मुलाचे आजारपण. मंजूर.’

शेजारी, वहीला टाचणीने टोचलेली, एक मोडकी तपकिरी माशी होती. तिची पिसे केव्हाच झडून गेली होती. नुसता गळ उरला होता, टोक छाटलेला.